हात वाचवला, पाय दिला

तीर्थरूप जाऊबाईंना धाकटीचा साष्टांग नमस्कार. म्हणजे लिहिण्यापुरता साष्टांग. खरा घालायला सध्या मनाई आहे, मांडीतून वाकायचं नाही असं सांगितलंय, तेव्हा हा उभ्याउभ्याच गोड मानून घ्या. तुमचा गुडघा कसा आहे? उजवा विचारतेय, डाव्याचा नाद तुम्ही स्वतःच सोडलाय. लेक, जावई, नातवंडं खुशाल असतील. आमच्याकडेही सगळे खुशाल आहेत आणि त्यात मी सगळ्यांत जास्त खुशाल आहे. हे वाक्य परत एकदा वाचा, कारण तुमच्या कानावर भलतंच आलेलं असणार.

काय आलं असणार तेही मला ठाऊक आहे. धाकटीला अटॅक आला, मशीनवरच कोसळली, छाती उघडावी लागली, वाचली म्हणून वाचली. यातलं एक अक्षर खरं नाही. अटॅक आला नाही. येण्याच्या वाटेवर होता, असं डॉक्टर म्हणतो (वाटेवर तर काय, सगळेच असतात). छाती कोणी उघडली नाही. आणि मी कोसळले नाही, बसले. मशीनवरून उठले आणि शेजारच्या कापडाच्या गठ्ठ्यावर बसले. बाईमाणसानं स्वतःच्या दुकानात गठ्ठ्यावर बसू नये का? हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण मी फोनवर बोलायला लागले की सूनबाई भांडी घासायची थांबते. आणि तुम्ही फोनवर आधी बोलता, मग ऐकता. पत्रात तुम्हाला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून पत्र. चौथीनंतर एवढं सलग पहिल्यांदा लिहितेय. ऱ्हस्वदीर्घ तुमचं तुम्ही बघून घ्या.

सुरुवात झाली कोपऱ्यावरच्या शाळेच्या नव्या मुख्याध्यापिकाबाईंपासून. त्यांना मुलींच्या स्कर्टला चौफेर बारीक प्लीट्स हव्यात. आधी पुढे थोड्या, मागे थोड्या, एवढ्यावर भागत होतं. बाईंना हौस, आणि पाय मारायचे मी. शाळा उघडायला आली की आपल्या दुकानाचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, इतकी वर्षं तुमचं मशीन माझ्या मशीनला पाठ लावून चालायचं. यंदा तुमच्या मशीनवर झाकण आणि मी एकटी. (टोमणा नाही. गुडघा गेल्यावर लेकीकडे जायचंच असतं. पण झाकण आहे ते आहे.) तर प्लीट्स घालायला बसले की छातीवर कोणी भरली इस्त्री ठेवल्यासारखं व्हायचं. पाय थांबवले की इस्त्री उचलली जायची. परत पाय मारले की परत ठेवली. मी म्हटलं, गॅस. आमचे हे म्हणाले, गॅस. जन्मभर बसमध्ये "पुढे सरका, पुढे सरका" म्हणून तिकिटं फाडली, निवृत्त झाल्यावरही यांचा सल्ला तोच, सरका पुढे, होईल मोकळं. मग ते गठ्ठ्यावर बसण्याचं झालं. घाम आला होता, मी नाही म्हणत नाही, पण उन्हाळ्याचे दिवस, घाम काय माझ्या एकटीला येतो?

सूनबाईनं काय करावं? मी गठ्ठ्यावर, आणि हिनं सरळ दुकानाचं शटर खाली ओढलं. आतून. म्हणाली, "आई, आता एक तर माझ्याबरोबर मागच्या दारानं दवाखान्यात, नाही तर दोघी इथेच बसू. मला घाई नाही." मऊ आवाजात बोलते हो ती, तुम्हाला माहीतच आहे, पण लोणी कापायची सुरी आहे ती, दिसत नाही आणि कापते. मी गेले. हिच्या धाकानं नव्हे. अंधारात सुई दिसेना म्हणून गेले.

पुढचं सगळं दवाखान्यात होतं तसं. छातीला वायरी चिकटवल्या, रक्त काढलं, कागदावरचा डोंगर बघून सगळे एकमेकांकडे बघायला लागले आणि मला सोडून मागून धावत आलेल्या यांच्याशी बोलायला लागले. आपण खाटेवर गेलो की आपल्याला कान नाहीत असं धरून चालतात. डॉक्टर आमच्या मुलाच्या वयाचा, दाढी अशी कोरलेली की मी मनात म्हटलं, हात तरी साफ दिसतोय. त्यानं यांना समजावलं की हृदयाला स्वतःला रक्त लागतं, त्याच्या नळ्या असतात, त्यातली एक आवळत आलीय. मनगटातून बारीक वायर आत घालायची, थेट हृदयापर्यंत न्यायची, आवळलेल्या जागी फुगा फुगवायचा आणि मग तिथे जाळीची पुंगळी ठेवून द्यायची, की नळी परत मिटायला नको. हे दर वाक्याला मान हलवत होते. कळलेलं काही नव्हतं. न कळलेल्या गोष्टीलाच हे जास्त मान हलवतात.

पण मी मनगटाशीच अडकले होते. मी विचारलं, "कुठलं मनगट?"

"उजवं, मावशी. आम्हाला तिकडून सोपं पडतं."

"तुम्हाला पडत असेल. उजव्या हातात माझी कात्री असते."

"दोन-चार दिवसांत हात पहिल्यासारखा होतो."

"शाळा उघडायला आली, दोन-चार दिवस कुठून आणू?"

"बरं, मग डावं?"

"डावा कापड धरतो. डावा नसेल तर उजवा नुसती कात्री मिरवत बसेल."

डॉक्टरनं यांच्याकडे पाहिलं. यांनी छताकडे पाहिलं. छतावर पंखा होता, तोही बंद.

"मावशी, हातातून सगळ्यात बरं. दुसरा रस्ता जांघेतून आहे, पण त्यात मग..."

"जांघेनं कोणी शिवतं का? तिथून जा," मी म्हटलं, आणि जाऊबाई, खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. एवढा शिकलेला डॉक्टर, आणि त्याला मी दोन्ही हातांवरून खाली उतरवलं. त्या आनंदात तो "त्यात मग" च्या पुढे काय म्हणाला ते माझ्या कानात शिरलं नाही. सूनबाई म्हणते त्यानं सगळं नीट सांगितलं, दोनदा सांगितलं. सांगितलं असेल. पुटपुटला असेल.

मग एक धिप्पाड नर्स वस्तरा घेऊन आली. त्याबद्दल पत्रात लिहिण्यासारखं नाही, भेटल्यावर सांगेन.

आतली खोली म्हणजे फ्रीजच्या पोटात शिरल्यासारखी. घालायला एक झगा दिला होता, नाड्या मागच्या बाजूला, त्यातली एक शिवणीपाशीच उसवलेली. एवढ्या महागड्या यंत्रांची खोली आणि झग्याला दुहेरी टीप मारायला कोणाला सवड नाही. मी त्याच नर्सला म्हटलं, घरी पाठवा, सगळे नीट करून देते. ती म्हणाली, "आधी तुम्हाला नीट करू द्या." तोंडाळ आहे, पण मला आवडली. फळीवर झोपवलं. फळी इतकी अरुंद की तुमच्यासारखीला (राग मानू नका) दोन लागल्या असत्या. जांघेत सुई टोचून जागा बधिर केली, पण मी जागी होते, टक्क जागी. वायर आत चाललीय हे काही कळत नाही. लेंग्यात नाडी ओवतो ना आपण, तसलंच काम, फक्त इथे लेंगा आपण. मी डॉक्टरला म्हटलंही, "पुढे सेफ्टी पिन लावलीय ना, नाही तर मध्येच सुटेल आणि मग बसाल चाचपत." तो तोंडाला फडकं बांधूनही हसला, त्याचे खांदे हलले, आणि मग नर्स मला रागावली की डॉक्टरांना हसवू नका, वायर आत आहे त्यांची.

बाजूला मोठा पडदा होता, त्यावर माझंच हृदय. दिसायला काही खास नाही. उसवलेल्या दोऱ्याचा गुंता धडधडतोय असं दिसतं. मध्येच औषध सोडलं की अंगातून ऊन पाणी गेल्यासारखं होतं आणि पडद्यावर दोरे काळे होतात. त्यातला एक दोरा एका जागी असा बारीक झाला होता की मी झोपल्याझोपल्या सांगितलं असतं, इथे तुटणार. डॉक्टर म्हणाला, आता फुगा फुगवतोय, थोडं दुखेल. दुखलं. थोडं. मग जाळी बसली, दोरा भरला, झालं. पुढे.

बाहेर आणल्यावर त्या धिप्पाड नर्सनं जांघेवर दोन्ही हात ठेवून आपलं सगळं वजन माझ्यावर टाकलं, रक्त थांबायला. वर वाळूची पिशवी. पाय सरळ, हलवायचा नाही, मुडपायचा नाही. मला कधी कोणी असं आडवं पडलेलं पाहिलंय का? बाळंतपणातसुद्धा मी काजं करत होते. मी विचारलं, "मशीनवर कधी बसता येईल?" ती दाबता दाबता म्हणाली, "कसलं मशीन?" मी म्हटलं, "शिवणाचं. पायाचं."

ती बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं, पण हात काढता येईनात, त्यामुळे ती हसायची आणि खाट हलायची आणि मला ओरडायची, "हलू नका." डॉक्टरला बोलावलं. तो म्हणाला, "मावशी, पाय मारायचं मशीन आहे हे तुम्ही सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलं नाही."

"तेवढ्यासाठी तर हातातून बरं म्हणत होतो. आता पायाला थोडे दिवस जोर द्यायचा नाही."

तेव्हा आमचे हे दवाखान्यात पहिल्यांदा बोलले. "मला वाटलंच होतं," म्हणाले.

"मग तेव्हाच बोलायचं होतं."

"तू बोलू कुठे देतेस."

तर अशा रीतीनं हात वाचवला आणि पाय दिला. सगळ्या आळीत हे पसरलंय. दुधवाला दुधाचं माप घालताना हसतो. पण मी म्हणते, चूक माझी नाही. जो माणूस वायर हृदयापर्यंत नेऊ शकतो, त्याला शिवणकाम पायानं चालतं हे ठाऊक असू नये? मी माझ्या हातांची काळजी घेतली, पायाची त्यानं घ्यायची.

घरी आल्यापासून मला पेशंट केलंय. बादली उचलायची नाही, जिना चढायचा नाही, रागवायचं नाही. रागवायचं नाही म्हणजे या घरात माझं काम काय उरलं? जेवण असं की मिठाच्या बरणीवरून नुसता वारा गेलाय. रक्त पातळ करायच्या गोळ्या आहेत, त्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत, म्हणून सूनबाई पेला घेऊन समोर उभी राहते आणि गिळल्यावर तोंड उघडायला लावते. तिच्या मुलाचं करते तसं. भेटायला येणारे तर विचारू नका. येतात, फळं ठेवतात, चेहरा पाडतात आणि आपल्या ओळखीतला एकेक मेलेला काढतात. समोरची शिंपीण (तीच, जिच्या बाह्या कायम फिरतात) म्हणाली, तिच्या मामेसासऱ्यांनाही जाळी बसवली होती, छान चालते-बोलते होते, आणि एक दिवस चहाचा कप खाली ठेवला तो ठेवलाच. मी म्हटलं, "मग तू तुझा उचल आणि संपव." तेव्हापासून आली नाही. जाळी दोन महिने आधीच बसवून घेतली असती तर तिची पीडा तेव्हाच टळली असती, असं त्या दिवशी वाटलं.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे मी पाय सरळ करून पडले असताना सूनबाईनं माझ्या मशीनला मोटर बसवली. मला न विचारता. माझ्या मशीनला. आता नुसतं पायानं हलकं दाबलं की घर्रकन चालतं, आणि स्कर्टच्या प्लीट्स ती शिवतेय. मी खाटेवरून आवाज ऐकते. सरळ शिवण जमते तिला, नाही म्हणणार नाही, पण कोपऱ्यावर कधी थांबायचं ते मोटरला काय कळणार? तुमच्यामाझ्या पायांना कळतं. आणि काजं तर तिला येतच नाहीत. काजं तुमची. तुमच्यासारखं काज या भागात कोणी केलं नाही, हे मी तोंडावर कधी म्हणाले नसते, पण पत्रात तुमचं तोंड दिसत नाही. तेव्हा गुडघ्यानं परवानगी दिली तर काजांपुरतं या. काजाला पाय लागत नाही, बसल्याबसल्या होतात.

आता खरी गोष्ट, जिच्यावरून घरात रोज वाजतंय. तपासायला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाला, दुसरी एक नळी आहे, तीही पाऊण भाग मिटलीय, तिलाही फुगा आणि जाळी लागेल. मी म्हटलं, मग त्याच दिवशी का नाही उरकली? एका फेरीत दोन कामं करायची अक्कल आमच्या भाजीवाल्यालासुद्धा आहे. तो म्हणाला, जी जास्त वाईट होती ती आधी केली, एकाच दिवशी शरीराला फार ताण नको. मी म्हटलं, पाऊण मिटलीय म्हणजे पाव उघडी आहे. पाव शटर उघडं असलं तरी दुकान चालू असतं, गिऱ्हाईक वाकून येतं.

"आणि आग लागली तर, मावशी? वाकून किती जण बाहेर पडतील?"

(याला उत्तर बाहेर आल्यावर सुचलं, पण तेव्हा तो दुसऱ्या पेशंटकडे होता.) मी म्हटलं, काही असो, मी परत त्या फळीवर जाणार नाही. मला वाटलं आता हा समजावेल, चढ्या आवाजात बोलेल, म्हणजे मलाही बोलता येईल. तर तो खुर्चीत मागे टेकला आणि म्हणाला, "तुमचं हृदय आहे. तुम्ही ठरवा. पण फार दिवस लावू नका." असल्या बोलण्याचा मला अतोनात राग येतो. भांडायला गेलेल्या माणसाला दार उघडं सापडलं तर त्यानं डोकं कुठे आपटायचं?

तर मी ठरवलंय. नाही जाणार. घरात सगळे कुजबुजतात, हे दर जेवणाला सुस्कारा टाकतात, मुलगा कामावरून फोन करून "आई, हट्ट नको" म्हणतो. हा हट्ट नाही. हातात काम असताना फळीवर झोपायला जाणं मला पटत नाही, बस्स. मुलींना स्कर्ट नाहीत आणि मी आत थंडगार खोलीत पडद्याकडे बघत पडलेय, हे कुठल्या शास्त्रात बसतं? आधी स्कर्ट जाऊ देत, एकेका काजासकट, मग बघू. आणि मग तरी का बघू? एक जाळी बसलीय, चालतेय, जिना मी परवा चोरून चढले, काही झालं नाही. (वर गेल्यावर थोडी बसले. पायरीवर. माणसानं पायरीवर बसू नये का?) ज्यांना ज्यांना माझ्या नळ्यांची काळजी आहे त्यांनी आपापल्या बघाव्यात. तुम्हाला कोणी फोन करून "तुम्ही समजवा तिला, तुमचं ऐकते ती" म्हणालं, तर त्याला सांगा की मी तुमचं आजवर कधी ऐकलेलं नाही.

गुडघ्याला ऊन दाखवत जा. लेकीला आशीर्वाद. जावयांना नमस्कार सांगा, त्यांच्या शर्टाची कॉलर अजून उभी राहते का विचारा.

तुमची धाकटी

ता. क. हे पत्र चार दिवस उशीखालीच राहिलं. काजांचं वर लिहिलंय ते वाचून घाई करू नका. स्कर्ट कालच सगळे शाळेत गेले. सूनबाईनंच पुरे केले, काजांसकट. एक उचलून पाहिलं मी. ठीक आहे. तुमच्यासारखं नाही, पण बटण बसतं आणि सुटत नाही. मोटरही चालते बऱ्यापैकी. हे तिला कळवू नका.

आणखी एक ता. क. त्यामुळे कामाचं कारण काही राहिलं नाही. येत्या गुरुवारी सकाळची वेळ घेतलीय. मीच जाऊन सांगून आले. या खेपेला म्हटलं, हात घ्या, कुठला हवा तो. घरी अजून बोलले नाही, कारण जिंकल्यासारखे चेहरे करतील आणि मला ते बघवणार नाही. बुधवारी संध्याकाळपर्यंत तुम्ही इथे आलात तर मग सगळ्यांना एकदमच सांगता येईल.

आणि हे शेवटचं. ती धिप्पाड नर्स म्हणते, फुगा फुगवला तेव्हा मी "जाऊबाई, जाऊबाई" अशी हाक मारली. आधी हळू, मग मोठ्यानं. यांना नाही मारली, मुलाला नाही, म्हणून तिनं मुद्दाम विचारलं की जाऊबाई कोण. मी म्हटलं, कात्री मागायची सवय आहे मला, पाठीमागे बसलेल्या बाईला. तिला पटलं नाही. न पटो. तिथे बाहेर बाकडं आहे, उंच आहे, गुडघा मुडपावा लागणार नाही, मी बघून आलेय. तिथे नुसतं बसायचं. आत हाक ऐकू येत नाही म्हणतात, पण तुम्ही बसलेल्या आहात एवढं मला माहीत असलं म्हणजे झालं. मी घाबरलेय असं या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही. वाटलं तर परत पहिल्यापासून वाचा. आणि वाचून झालं की निघा.